कूलर न सोसणारी सून

धुळ्यात उन्हाळ्यात जी सून कूलरसमोर बसत नाही, तिला एकतर मोठा आजार असतो नाहीतर ती काहीतरी लपवत असते, असं माझ्या ताईच्या सासूबाईंचं म्हणणं होतं. यातलं दुसरं बरोबर होतं. पण त्यांनी पहिलं धरलं, आणि ताईला कायमची माहेरी पाठवायची वेळ आली. केसांवरून. खरंच सांगतेय, फक्त केसांवरून.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर कळायचं नाही. आम्ही दोघी बहिणी, जळगावच्या, आणि दोघींचे केस पप्पांवर गेलेत. कुरळे म्हणजे जाहिरातीत असतात तसे सोयीचे कुरळे नाहीत. उन्हात उभं राहिलं तर डोक्याची सावली टोपल्याएवढी पडते, असे. पप्पांचेही अगदी तसेच आहेत, पण त्यांना लोक म्हणतात काय रुबाब आहे. आम्हाला म्हणतात, कापूस पिंजायला बसला होतात का? धरणगावची एक काकू आहे, ती दर लग्नात भेटते, आमच्या डोक्यांकडे बघते आणि मम्मीला म्हणते, "यंदा तुमच्याकडे बरं पिकलंय." दर लग्नात. तोच विनोद. आणि मम्मी दर वेळी हसते. मला काकूपेक्षा त्या हसण्याचा राग येतो.

तर ताईसाठी स्थळं बघायला लागले. ताई एमएस्सी, बीएड, पाचोऱ्याला शाळेत शिकवायची, रोज रेल्वेने जाऊन-येऊन. भरीत असं करते की वांगं स्वतःहून भाजून घ्यायला येईल. यातल्या कशावर काही अडलं नाही. अडलं फोटोवर. मध्यस्थ म्हणाले, पोरगी छान आहे, फक्त जरा केस बसवून फोटो काढा. बसवून. जसं काही केस म्हणजे पाहुणे आहेत आणि मघापासून ताटकळत उभे आहेत.

मम्मी ताईला पार्लरमध्ये घेऊन गेली, मी पण गेले. पार्लरवालीने एकेक बट त्या गरम चिमट्यात धरली आणि वरून खाली ओढली. धूर निघाला. वास आला. पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगं घासताना येतो ना, थोडा तसाच. सगळं झाल्यावर ताईने आरशात बघितलं आणि हळूच म्हणाली, "ही कोण?"

पार्लरवाली म्हणाली, "आता कशी मुलगी दिसतेय."

म्हणजे आधी काय दिसत होती?

"लग्न जमेपर्यंतच गं," मम्मी म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा.

फोटो गेला आणि लगेच जमायला लागलं. धुळ्याचं स्थळ, मुलगा सरकारी ऑफिसात, घर स्वतःचं, सासू-सासरे आणि हा एकटाच. ते बघायला यायचे म्हणजे मुलगी फोटोसारखी दिसायला हवी, म्हणून परत चिमटा. साखरपुड्याला परत. हळदीला, लग्नाला, सत्यनारायणाला. आणि प्रत्येक वेळी मलाही बसवलं, कारण धाकटीचं डोकं बघून त्यांना कळेल म्हणे. एकीचं लग्न आणि दोघींच्या डोक्यावर इस्त्री. हळदीच्या दिवशी माझा कान भाजला, तर मम्मी म्हणते, हळद आहेच, लाव थोडी.

लग्न थंडीत झालं म्हणून निभावलं. मग मी विचारलं, आता तरी बंद का? तर मम्मी म्हणाली, "एवढं केलंय तर पहिलं वर्ष जाऊ दे." आणि ताईच्या बॅगेत तिने स्वतःच्या हाताने केस सरळ करायचं मशीन ठेवलं, लग्नात दिलेल्या अन्नपूर्णेच्या शेजारी.

आता जिजूंचं सांगते. एका खोलीत राहून नवऱ्याला कळणार नाही असं थोडंच आहे? ताईने पहिल्यांदा डोक्यावरून पाणी घेतलं त्याच दिवशी त्यांनी बघितलं. काय म्हणाले माहितीये? "छान दिसतात. पण अक्काला कळू देऊ नकोस. तिने सगळ्या भावकीत सांगितलंय, सुनेचे केस रेशमासारखे आहेत म्हणून." अक्का म्हणजे त्यांची आई. सगळं घर, सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. तर छान दिसतात, पण दिसू देऊ नकोस. हे यांचं प्रेम. ताईने मला फोनवर हे कौतुकाने सांगितलं होतं, म्हणून मी त्या दिवशी गप्प बसले.

मग रोजचं सुरू झालं. ताई सगळ्यांच्या आधी उठायची, खोलीला आतून कडी लावायची, मशीन तापवायची. दाराच्या फटीतून वास बाहेर जायचा. बाहेरून अक्का विचारायच्या, "काय जयी राहिनं व?" म्हणजे काय जळतंय गं.

"प्रेस करतेय, अक्का."

आमच्याकडे इस्त्रीला प्रेसच म्हणतात, म्हणजे ताई काही खोटं बोलत नव्हती. अक्कांना वाटायचं शर्टाला करतेय. त्या खूश. पण जिजू तर रोज वाळत टाकलेला शर्ट दोरीवरून काढून तसाच अंगात घालून ऑफिसला जायचे. अक्का त्यांच्या पाठीकडे बघत राहायच्या आणि मग ताईला म्हणायच्या, "रोज प्रेस करस, तरी शर्ट चुरगायेल कसा ऱ्हास?"

"कापडच तसं आहे, अक्का."

जिजूंना एक शर्ट स्वतः प्रेस करून घालता आला असता. निदान नाटकाला मदत म्हणून. तेवढंही नाही.

होळी झाली आणि माळ्यावरून कूलर खाली आला. नवीन गवत बसवलं, पाणी भरलं, आणि नानांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, खाट ओढून त्याच्यासमोर टाकली ती आता पाऊस येईपर्यंत तिथेच. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातला सगळ्यात मोठा माणूस. जेवायचं त्याच्यासमोर, झोपायचं त्याच्यासमोर, भांडायचं असेल तर तेही त्याच्यासमोर. पण त्याची हवा ओली असते. आणि चिमट्याने सरळ केलेल्या केसांना ओली हवा लागली की चहा उकळेपर्यंत ते आपल्या मूळ गावी परततात.

ताई घाबरली. ती स्वयंपाकघरात जेवायला लागली, दुपारी वरच्या खोलीत पंख्याखाली पडायला लागली. तो पंखा म्हणजे नुसती भट्टीची वाफ खाली ढकलणारा. अक्कांनी विचारलं तर म्हणाली, "मला कूलर सोसत नाही."

इथे सगळं बिघडलं. सोसत नाही म्हणजे का सोसत नाही? आधी अक्कांना वाटलं सर्दी, म्हणून काढा दिला. मग वाटलं दमा. मग शेजारणीने सांगितलं, तिच्या भावकीतल्या एका सुनेला छातीचं दुखणं होतं आणि माहेरच्यांनी लपवलेलं. झालं. त्या भट्टीत राहून ताईला अंगभर घामोळं आलं, जेवण जाईना, ती वाळत चालली, त्यामुळे अक्कांचा आणखी विश्वास बसला. डॉक्टरांकडे नेलं. छातीचा एक्सरे काढला. काहीच निघालं नाही, डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. तर अक्का म्हणाल्या, "डागदरले बी समजनं नही. म्हंजे मोठं शे."

आणि जिजू त्या वेळी कुठे होते? तिथेच. बाहेरच्या बाकावर, मांडीवर एक्सरे घेऊन. एका वाक्यात सगळं संपलं असतं. त्यांनी एक्सरे उजेडात धरून बघितला, म्हणे. बायकोच्या बरगड्या तपासल्या. तोंड उघडलं नाही.

आखाजी तोंडावर आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके, आंब्याचा रस, सगळं. पहिल्या आखाजीला भाऊ जातो बहिणीला आणायला. आम्हाला भाऊ नाही, म्हणून मुराळी मी. निघताना मम्मी काय म्हणाली असेल? "केस करून जा." मी केले. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला आणि एसटीत बसले. पारोळ्यापर्यंत घाम कानातून वाहत होता.

धुळ्याला पोचले तर घरात नेहमीसारखं हसणं-बोलणं नाही. नाना खाटेवर, अक्का खाली चटईवर, जिजू खुर्चीत मोबाईल घेऊन, कूलर सुरू. ताई पार लांब, स्वयंपाकघराच्या दारात, हातात तिची बॅग. फार वाळलेली. मी स्कार्फ सोडला आणि कूलरसमोर फतकल मारली. उन्हातून आलेलं माणूस दुसरं काय करणार.

पाणी प्यायले तेवढ्यात अक्कांनी सुरू केलं. "लई जाय तुनी बहीनले. बरी व्हई ते धाडा. नही ते तुमनाकडेच राहू द्या."

घेऊन जा, बरी झाली तर पाठवा, नाहीतर ठेवून घ्या. मी ताईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती आणि बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी. एमएस्सी, बीएड.

"अक्का, तिला काही झालेलं नाहीये," मी म्हटलं.

"मंग कूलर का सोसत नही? छातीमा काय शे ते तुम्हीन सांगं नही. लगीनना पहिले सांगतात ते आम्हीन काय नही म्हनतूत?"

मी जिजूंकडे वळले. "जिजू, तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगू?" ते म्हणाले. मोबाईलमधून मान वर न काढता.

ताईने तेव्हा वर बघितलं. त्यांच्याकडे. मी ताईचा तो चेहरा आधी कधी बघितला नव्हता. रडका नव्हता. भाजीवाल्याने सडका टोमॅटो पिशवीत टाकलेला दिसल्यावर आपण बघतो, तसा.

अक्का पुढे बोलणार होत्या, पण मध्येच थांबल्या. माझ्या कपाळाकडे बघत होत्या. मग कानाकडे. मला आधी कळलंच नाही, मग कपाळावर गुदगुल्या व्हायला लागल्या. कूलर आपलं काम करत होता. पुढच्या बटा वर गेल्या होत्या, मागचं आख्खं डोकं हळूहळू फुगत होतं, पोळी फुगते तसं.

अक्का माझ्याजवळ सरकल्या. आवाज एकदम खाली आणला. "पोरी, तुले बी तोच आजार शे का?"

ताई हसली. म्हणजे आधी नाकातून, मग दारालाच टेकून, मग बॅग खाली पडली. हसत-हसत आली आणि माझ्या शेजारी कूलरसमोर बसली. क्लिप काढली, केस मोकळे सोडले, नानांच्या तांब्यातलं पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "हो अक्का. दोघींना आहे. पप्पांकडून आलाय."

मग सगळे बघत बसले. खरंच, टीव्ही लावल्यासारखे. ताईचे पुढचे केस वळले, मुळाजवळचेही वळले. पण मागची टोकं वळलीच नाहीत. तशीच लोंबत राहिली, जळक्या सुतळीसारखी. अक्कांनी त्यातलं एक टोक दोन बोटांत धरलं तर ते तुटून हातात आलं.

"जयेल शे," अक्का म्हणाल्या.  मला वाटलं आता फसवलं म्हणतील, आई-बाप काढतील. त्या विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मंग शर्ट?"

"काय?"

"रोज सकायले प्रेस करे ती. मंग शर्ट कोन प्रेस करे?"

"कोणीच नाही, अक्का," ताई म्हणाली.

सगळ्यांनी जिजूंच्या शर्टाकडे बघितलं. कॉलरची दोन टोकं दोन दिशांना. अक्कांनी विचारलं, "तुले मालूम व्हतं?"

जिजू म्हणाले, "अगं, म्हणजे, तुला वाईट वाटेल म्हणून."

नाना खाटेवरून पहिल्यांदाच बोलले. "एक्सरे याना काढाले पाहिजे व्हता," ते जिजूंकडे बोट करून म्हणाले आणि कूस बदलली.

अक्का काही देवी झाल्या नाहीत, उगाच सांगणार नाही. भावकीत आता काय तोंड दाखवू, हे त्यांनी निदान चार वेळा काढलं. मग "लगनमा ते सरळ करशी ना?" असं विचारून बघितलं. ताई म्हणाली, नाही. अक्का म्हणाल्या, माझ्या धाकल्या नणंदेच्या पोरीच्या लग्नात तरी? ताई म्हणाली, "नाही, अक्का." मग त्यांनी एक सुस्कारा सोडला, आम्हाला बॅगेत कुरडया बांधून दिल्या, आणि दारात मला म्हणाल्या, "आखाजी व्हयनी का लगेच धाड तिले. शेवया कराना शेतस."

शेवया करायच्या आहेत म्हणे. एवढंच. पण ठेवून घ्या नाही म्हणाल्या, धाड म्हणाल्या. तो शब्द ऐकल्यावर ताईने बॅग खांद्यावर घेतली. निघायच्या आधी ती वर जाऊन आली होती. मशीन तिने जिजूंच्या न प्रेस केलेल्या शर्टांच्या ढिगावर ठेवलं होतं. निरोप म्हणून नाही म्हणे. जागाच तेवढी रिकामी होती.

एसटीत आम्ही खिडकीजवळ बसलो, काच उघडी. ताईचे केस अर्धे कुरळे अर्धे सरळ, सगळे माझ्या तोंडात. वाटेत ती फक्त एकदाच बोलली. "त्यांना एक वाक्य बोलता आलं नाही गं."  

घरी पोचलो. मम्मीने दार उघडलं, ताईचं वाळलेलं तोंड बघितलं, घामोळं बघितलं, आणि मग वर बघितलं. म्हणाली, "अशीच आलीस एसटीतून? कोणी ओळखीचं नव्हतं ना? थांब, मी पार्लरवालीला फोन करते."

ताईने चपला काढल्या, मम्मीच्या बाजूने आत गेली आणि जमिनीवर आडवी झाली.

"कूलर लाव," ती म्हणाली.