उभ्यानं केलेला फोन

कळमनुरीत माझं एसटीडी बूथ होतं, तेव्हाची गोष्ट. फौजेत वकिली करून निवृत्त झालेले एक साहेब रोज सकाळी यायचे आणि दूरच्या लष्करी कार्यालयाला उभ्यानंच फोन लावायचे. मी स्टूल सरकवलं की म्हणायचे, "आपण बसून विचारलं की तिकडचेही बसूनच राहतात."

सवाल एकच, "आदेश निघाला का?" तिकडून उत्तर यायचं, कधी मोठे अधिकारी दौऱ्यावर, कधी फाईल वर गेलेली. मला ऐकूनच संताप यायचा. हे मात्र समोरच्याचं नाव विचारून "उद्या पुन्हा करतो" म्हणायचे, अन् करायचेच.

डोंगरकड्याच्या एका मेंढपाळ बाईचा पोरगा फौजेत होता. त्याला लष्करी कोर्टानं निर्दोष ठरवलं होतं. पण वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी येईपर्यंत तो निकाल लागू होत नाही. तोवर त्याला घरी यायला सुट्टी नाही. त्या मंजुरीच्या आदेशासाठीच हे रोजचे फोन.

एका सकाळी ती बाई सोबत होती. तिकडून पुन्हा "कारवाई चल रही है" आलं. साहेब म्हणाले, "ये उसकी माँ को बताइए," आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"सायब, लेकरू बेकसूर है ना? फिर घर कायको नहीं आता?"

पलीकडून "रुकिए माताजी, देखता हूँ" आणि खुर्ची मागं सरकल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

मी बाईकडं स्टूल सरकवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "वकीलसायब उभे हायेत. मी काहून बसू?"

मग मीही उठलो.