लालसिंगच्या आईचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगणं जमतंय.

एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. घाटंजीजवळच्या तांड्यावरून मी यवतमाळला कॉलेजात आलो आणि वसतिगृहात राहू लागलो. आम्ही बंजारा. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी. पहिल्या दिवशी मेसच्या पंगतीत वरच्या वर्गातल्या देशमुखनं मला नाव विचारलं. चव्हाण, म्हणालो. कुठले? घाटंजीचे. त्यानं मान डोलावली आणि सरकून मला शेजारी जागा दिली. चव्हाण आमच्यात असतात, मराठ्यांतही असतात. त्याला काय वाटलं ते मला कळलं होतं. मी काही बोललो नाही. याला खोटं बोलणं म्हणायचं का? तेव्हा मी म्हणत नव्हतो.

माझ्या खोलीत दुसरा मुलगा आला तो लालसिंग राठोड, बोरी अरबकडच्या तांड्यावरचा. त्याच्या आडनावाला अशी सोय नव्हती. पोरं त्याला त्याच्या बोलीत गाणी म्हणायला लावत आणि हसत. तोही हसत म्हणायचा. मी झोपेत कधी बडबडलो असणार, कारण एका सकाळी दात घासताना त्यानं हळूच विचारलं, "गोर छी कांई?" — आमच्यातला आहेस का?

"काय म्हणतोस?" मी म्हटलं.

तो ओशाळला. "काही नाही. मले वाटलं."

त्यानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही. आमचं बरं चाललं होतं. मच्छरदाणी कशी बांधायची, विहिरीवर कुणाच्या आधी बादली भरायची नाही, मेसच्या पातळ वरणात तिखट कालवून पोट कसं भरायचं — हे सगळं आम्ही बरोबरच शिकलो. गणित त्याचं पक्कं, मला शिकवायचा. त्याची आई करून द्यायची ते तिळाचे लाडू अर्धे माझ्या पेटीत ठेवायचा. मी मात्र माझ्या घरच्यांना सांगून ठेवलं होतं, भेटायला येऊ नका, मीच येत जाईन.

आता सांगतो.

थंडीचे दिवस होते. लालसिंग प्रॅक्टिकलला गेला होता. आम्ही चारपाच जण ओसरीवर उन्हात बसलो होतो, तेव्हा फाटकातून एक बाई आली. आरशांची कांचळी, घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. माझी आई असेच कपडे घालायची. मी पुस्तकात पाहू लागलो.

तिला मराठी धड येत नव्हती, आणि त्यात ती घाबरलेली. लालसिंगचं नाव तेवढं सगळ्यांना कळलं. बाकी ती बोलत होती ते पोरांच्या डोक्यावरून जात होतं. माझ्या जात नव्हतं. लालसिंगच्या वडिलांना पहाटे गाडीत घालून इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. श्वास पुरत नव्हता. ते सारखं पोराचं नाव घेत होते. त्याला आत्ताच्या आत्ता पाठवा, ती म्हणत होती, मला परत त्यांच्याजवळ जायचंय, तिथं कुणी नाही.

देशमुख माझ्याकडे वळला. "तुमच्याकडे तांडे आहेत न बे? काय म्हणून राह्यली ही?"

"मले नाही समजत," मी म्हणालो.

एवढंच. किती सोपं होतं ते. कुणीतरी तिला हातानं खुणावलं — संध्याकाळी ये, तेव्हा असतो तो. ती थोडा वेळ उभी राहिली. सगळ्यांना सोडून माझ्याकडेच पाहत राहिली. मग गेली.

कॉलेज तिथून जवळच होतं. एकटा उठून गेलो असतो, लालसिंगला बाहेर बोलावून नुसतं 'दवाखान्यात जा' म्हटलं असतं, तरी चाललं असतं. तुला कसं कळलं, हे त्यानं विचारलं असतं — त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. जेवायची घंटा झाली. मी जेवलो.

उन्हं कलल्यावर तो आला. देशमुखनंच सांगितलं, तुमच्याकडची एक बाई तुले शोधत आली होती. दवाखाना हा शब्द कुणीतरी पकडला होता. तो वह्या टाकून पळाला. वडील दुपारीच गेले होते.

पंधरवड्यानं तो तांड्यावरून परत आला तेव्हा वाळला होता. पेटी उघडून लाडू काढले, अर्धे माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाला, "याडी म्हणते, एका पोराले समजलं होतं. ती बोलत होती तवा त्याची मान खाली खाली जात होती म्हणे."

याडी म्हणजे आई. तेवढा शब्द मला येतो हेसुद्धा मी दाखवलं नाही.

"कोण असंल?" मी विचारलं.

हो, मी असं विचारलं. ओसरीवरचं मी घाबरून केलं असं एक वेळ म्हणता येईल. हे तर मी लाडू खात, त्याच्या तोंडाकडे बघत विचारलं.

लालसिंग पुढे नेरला मास्तर झाला. मी सरकारी नोकरीत लागलो. कधीमधी भेटत राहिलो. मग काही वर्षांनी माझे वडील वारले. नोकरीच्या गावाहून मी तांड्यावर पोचलो आणि आईच्या गळ्यात पडून रडलो — आमच्या बोलीत, दुसरं काही तेव्हा तोंडात येणंच शक्य नव्हतं. मान वर केली तर दारात लालसिंग उभा. कुणाकडून तरी कळलं म्हणून घर विचारत आला होता.

त्यानं तांड्याकडे पाहिलं, आईच्या घागऱ्याकडे, मग माझ्याकडे. आईजवळ बसला. तिच्याशी गोरबोलीत बराच वेळ बोलला — वडिलांना शेवटी काय होत होतं, जवळ कोण होतं, ते काही बोलले का. तिच्या हातचं पाणी प्याला. आई त्याला लेकरा, लेकरा म्हणत होती.

निघताना माझ्याजवळ थांबला. "बस आहे माझी. येतो मी," म्हणाला. मराठीत.

त्यानंतर तो आला नाही, आणि मीही कधी नेरला गेलो नाही.