नव्या माणसाचा माठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही खरं कारण नाही? असो, सुरुवात तरी करते.

नागपुरात तरुणांची एक संस्था होती, तिथे मी नोकरीला होते. मुख्य कचेरी परदेशात, शाखा देशोदेशी. भिंतीवर जगाचा नकाशा आणि त्यात नागपूरवर टोचलेली लाल टाचणी. परदेशातली पोरं शिबिराला यायची, आमच्याबरोबर मातीच्या पाट्या उचलायची, झुणका-भाकर खाऊन नाकातून पाणी काढायची. कामावर रुजू होणाऱ्या नव्या माणसाचं स्वागत माझ्याकडे असे. भाषण मीच करायचे. इथे जात नाही, धर्म नाही, देश नाही, वगैरे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्याकडे स्वागताची एक रीत होती. रुजू होण्याच्या आदल्या सांजेला नव्या माणसानं यायचं, कचेरीतला माठ घासायचा, भरायचा. दुसऱ्या दिवशी अकराला त्यातलं पाणी त्यानं आपल्या हातानं सगळ्यांना द्यायचं. सगळे प्याले की तो आपला. कुणी पाडली ही रीत, कोण जाणे. नागपूरच्या मे महिन्यात माठातल्या गार पाण्याहून मोठं स्वागत दुसरं काय असणार?

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं असतील. शशिकला रुजू होणार होती. जरीपटक्याच्या पलीकडे राहायची, घर छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं. बी.ए. झालेली, बोलण्यात धीट, अक्षर टपोरं. आदल्या सांजेला तिनं माठ असा घासला की मातीचा नवा वास सुटला. येताना घरून वाळ्याची जुडी आणली होती, निळ्या दोऱ्यानं बांधलेली. ती पाण्यात सोडली, झाकण ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. हो, हसले.

दुसऱ्या दिवशी मी आठलाच कचेरीत पोचले. इतक्या लवकर काहून, असं घरी सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तयारी आहे म्हणून सांगितलं.

आता इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा थांबते. आणि मग भाऊसाहेबांना पुढे करते. भाऊसाहेब आमचे अध्यक्ष, वयस्कर, गळ्यात माळ, जुन्या वळणाचे. त्यांनी भर बैठकीत पेला नाकारला असता तर? पोरीची काय शोभा झाली असती? मी तिला वाचवलं — असं किती वर्षं स्वतःला सांगितलं असेल मी?

भाऊसाहेबांनी तोंडातून शब्दही काढला नव्हता. कुणीच काढला नव्हता. ते पाणी मला प्यायचं नव्हतं. मला. मौद्याकडच्या शेतकरी घरात वाढलेल्या, एम.ए. झालेल्या, ते भाषण तोंडपाठ असलेल्या मला.

मी माठ उचलून मागच्या दारी नेला आणि उपडा केला. घासला. पुन्हा त्याच नळाचं पाणी भरलं — तोच नळ, तोच माठ. वाळ्याची जुडी मोरीच्या कडेला पडली, ती मी उचललीही नाही. काम झाल्यावर मला बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून सांगते. मला बरं वाटलं.

अकराला सगळे जमले. तिचे वडील तिला सोडायला आले होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत, पांढरा सदरा घालून व्हरांड्यातच उभे राहिले, दारातून बघत. मी भाषण केलं. शशिकलानं पेले भरले. पहिला भाऊसाहेबांना दिला, आणि त्यांनी तो एका दमात संपवला. पेला खाली ठेवून म्हणाले, "काहून वं बाई, पाणी कोमटच लागून राहिलं?"

ती गोंधळली. "मी त कालच भरलं होतं जी. वाळाही टाकला होता."

माठ नुकता भरला की पाणी कोमट लागतं, हे नागपुरात लहान पोरालाही कळतं. चोराच्या मनात चांदणं — मी घाईघाईनं म्हटलं की यंदा ऊनच फार आहे. आणि तिच्या हातून पेला घेऊन गटागटा प्याले. हात तिचा, पण पाणी मी भरलेलं, म्हणून गळ्याखाली उतरलं. डोकं इतकं बारीक हिशेब करतं, हे मला त्या दिवशी कळलं.

व्हरांड्यात तिचे वडील डोळे पुसत होते.

नंतर ती पेले धुवायला मागे गेली. मला जुडीची आठवण झाली, मी धावले, पण उशीर झाला होता. ती मोरीपाशी वाकलेली होती. तिनं जुडी उचलली, झटकली, निळा दोरा बोटानं चाचपला. मग वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते. तिनं जुडी पिशवीत टाकली आणि वडिलांकडे गेली. तिचे शब्द मला आत ऐकू आले.

"सगळ्यायनं पाणी पेलं, बाबा."

याविषयी ती माझ्याशी कधी एक अक्षर बोलली नाही. पुढची सगळी वर्षं आम्ही शेजारच्या टेबलांवर काम केलं. ती ताई म्हणायची, सणाला घरी यायची, माझ्या मुलीला गणित शिकवायची. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायची. मी रोज वाट बघायचे — आज बोलेल, आज सगळ्यांसमोर बोलेल. तिनं तसं काही केलं नाही. तिनं एवढंच केलं, की नवा माणूस येणार असला की त्या सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि माठापाशी स्टूल टाकून बसायची. मांडीवर फाइल. अकरा वाजेपर्यंत उठायची नाही. एकदा मी मुद्दाम सातला गेले, तर ती बसलेलीच होती. किती आस्था आहे हिला, असं भाऊसाहेब कौतुकानं म्हणायचे.

मी निवृत्त होण्याआधीचं शेवटचं स्वागत माझ्याच गावाकडच्या एका मुलाचं होतं. आमच्याच जातीचा, लांबच्या नात्यातला. त्याच्या पाण्याला माझ्याकडून काय भीती? तरी ती बसलीच होती. मी आत आले, टेबलाकडे जायला माठाजवळून निघाले. तिनं फाइलमधून मान वर केली नाही. फक्त हात लांब केला आणि मी पुढे जाईपर्यंत माठावरचं झाकण दाबून धरलं.