बाल्झची हाक ओढ्यापलीकडे

बाल्झ गिसलरला दोन गोष्टींचा भारी तोरा. एक मिशीचा आणि दुसरा आवाजाचा. मिशी अजून जागच्या जागी होती. आवाजाबद्दल मात्र त्या उन्हाळ्यात गावात कुजबुज सुरू झाली.

गुरं वरच्या कुरणांवर गेली की आमच्याकडे रोज दिवेलागणीला एक जण क्रुसापाशी उभा राहतो, दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावतो आणि देवाला, मेरीमातेला, सगळ्या संतांना मोठ्यानं आळवतो. ती हाक जिथवर ऐकू जाईल तिथवर रात्रभर जनावराच्या केसालाही धक्का लागत नाही. बाल्झ ही हाक घालायचा ते मिशी काळी होती तेव्हापासून. त्याच्या हाकेत दोन कुरणं यायची. एक त्याचं आणि दुसरं ओढ्यापलीकडचं, ओटिलियाचं. ही त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेला, पण बाईनं गाई विकल्या नाहीत.

तर जुलैत ओटिलियाची एक कालवड रात्रीची खडकावरून घसरली आणि लंगडी झाली. खानावळीत बसणाऱ्यांना तेवढंच हवं होतं.

"बाल्झ, तुझी हाक ओढ्यावर पाणी प्यायला थांबली वाटतं."

"थांबेल नाही तर काय, वय झालं तिचं."

बाल्झ हसला, पण बिअर अर्धीच टाकून उठला. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत ओटिलियाच्या झोपडीत गेला. ती चीजच्या जाड गोल चाकांवर मीठ चोळत होती.

"खरं सांग, माझी हाक येते ना ऐकू?"

"शब्द न् शब्द, भाऊजी," ती म्हणाली. पण मान काही वर केली नाही.

ती न उठलेली मान बाल्झच्या मनात काट्यासारखी रुतली. हाक पोहोचत नसेल तर नरसाळं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागणार. मग बाल्झकडे उरलं काय, तर मिशी. विचार करकरून त्याला एकच तोड सुचली. उंचावरून हाक घालायची. थेट हिमनदीच्या डोक्यावरून. तिथून दोन्ही कुरणं ताटात वाढल्यासारखी दिसतात.

आता तिथं जायचं म्हणजे रोपवे. आणि रोपवेला बाल्झ पाळणा म्हणायचा. "ज्यांना पाय देऊन देवाला पस्तावा झाला, त्यांच्यासाठी," असं तो तारा ताणल्या त्या वर्षापासून म्हणत आला होता. पण गुडघ्यापुढे कोणाचं चालतं? एका शनिवारी वरच्या हॉटेलात जेवणावळ होती, म्हणून डबे उशिरापर्यंत चालणार होते. बाल्झनं भरतकामाचा सदरा घातला, मिशी विंचरली, नरसाळं काखेत मारलं आणि पाहुण्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

डब्यांच्या दाराशी रोपवेवर कामाला असलेला मेल्क होता. त्यानं आधी डोळे चोळले.

"बाल्झकाका, पाळण्यात? अंगाई म्हणू का?"

"दार लाव."

"आणि हे नरसाळं कशाला? वर बिअर पेल्यातच देतात."

"मेल्क, दार लाव."

डबा सुटला. बाल्झनं डोळे मिटले ते मिटलेच. प्रत्येक खांबावर डबा हिंदकळला की तो एका संताचं नाव घ्यायचा. वर पोहोचेस्तोवर हाकेतले निम्मे संत वापरून झाले होते.

वर शिखरं गुलाबी झाली होती आणि वारा कानफटात मारत होता. बाल्झनं दम खायला नरसाळं खाली ठेवलं, तर एका भल्या बाईनं त्यात नाणं टाकलं. त्यानं ते काढून तिच्या हातात परत दिलं, छाती भरून घेतली आणि हाक सुरू केली. पहिली ओळ झोकात गेली. दुसरीही बरी. तिसरीला आवाज जुन्या दारासारखा करकरला, आणि पुढचं सगळं वाऱ्यानं उचलून भलत्याच दरीत नेऊन टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाल्झ खाली मान घालून डब्याकडे चालू लागला. उभ्या जन्मात हाकेनंतर त्यानं टाळ्या ऐकल्या नव्हत्या.

उतरताना डब्यात तो एकटाच होता. चांदण्या उगवायला लागल्या होत्या. डबा ओढ्याच्या घळीवर आला आणि खिडकीच्या फटीतून हाक आली. खणखणीत, सुरात, पहिल्या ओळीपासून. बाईचा आवाज. ओटिलियाच्या कुरणातून.

सकाळी बाल्झ तिच्या दारात हजर.

"काल गुरं राखणाऱ्या संत वेंडेलिनचं नाव दोनदा का घेतलंस?"

तिचा मिठाचा हात थांबला. "तुम्ही कुठं होतात?"

"पाळण्यात."

ओटिलिया हसत सुटली. हसता हसता तिला बाकावर बसावं लागलं.

"हसून झालं की सांग, कधीपासून चाललंय हे?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. तुम्ही हाक घालून सूप प्यायला आत जाता. तुमचा दिवा लागला की मी सुरू करते. काल दिवाच लागला नाही, तेव्हा चांदण्या बघून केली."

"आणि मला म्हणालीस, शब्द न् शब्द!"

"शब्द पाठच आहेत मला, भाऊजी. ऐकू यायला कशाला हवेत?"

"वेंडेलिनचं काय?"

"हाक ऐकू यायची तेव्हाही तुम्ही त्याला विसरायचात. एकदा तुमच्या वाटचा घेते, एकदा माझ्या."

बाल्झनं मिशी चावली. "मग ती कालवड कशी घसरली?"

ओटिलियाचं हसू मावळलं. ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी माझा घसा बसला होता."

बाल्झनं मिठाचं भांडं तिच्याजवळ सरकवलं. मग तो घरी गेला. खानावळीत त्यानं यातलं अक्षर काढलं नाही. कालवडीवरून टोमणे बसत राहिले, ते त्यानं मिशीआड गिळले.

त्या संध्याकाळी त्यानं आपल्या कुरणापुरती हाक घातली. नरसाळं खाली ठेवलं, आत जाऊन दिवा लावला आणि सूप तसंच चुलीवर ठेवून पुन्हा क्रुसापाशी येऊन उभा राहिला. पलीकडून हाक सुरू झाली. वेंडेलिनचं नाव आलं तेव्हा त्यानं टोपी काढली. दुसऱ्यांदा आलं तेव्हा मिशीतल्या मिशीत पुटपुटला, "हो हो, ऐकलं."