शालीच्या चुण्या

मावशीने लहानाचा मोठा केलेला भाचा चित्रकार झाला आणि त्याला एकदम दयेचा पुळका आला. मुलांच्या नाताळच्या गोष्टीसाठी तो बर्फात कुडकुडणारी म्हातारी आणि तिला आपली शाल देणारी मुलगी रंगवत होता. म्हातारी हुबेहूब यावी म्हणून त्याने मावशीलाच उघड्या खिडकीशी बसवलं आणि तिच्या अंगावरची शाल काढून समोरच्या खुर्चीवर मांडली.

थोड्याच वेळात तिचे दात वाजू लागले. "अरे, शाल दे रे आता."

"हात लावू नकोस! चुण्या बिघडतील," साहेब खेकसले.

पुस्तक निघालं. चित्र बघून लोकांचे डोळे पाणावले. मावशी खोकत खोकत म्हणाली, "पोर मोठ्या मनाची आहे हो. बरं झालं, तिला चित्रं काढता येत नाहीत."