वटवाघळांचा तास

आमच्या शाळेतला कॉम्प्युटर दीड वर्ष प्लॅस्टिकच्या कव्हराखाली बसून होता. हेडमास्तरांच्या खोलीत, कपाट आणि खिडकीच्या मधे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा, उदबत्ती लागायची आणि परत कव्हर. खोलीला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी कव्हराला खालून सुतळीसुद्धा बांधली होती. ती गाठ आठवली तरी अजून माझं डोकं तापतं.

डोंगरकडा गावाहून तासभर चाललं की शाळेचा तांडा लागायचा, बंजाऱ्यांची वस्ती. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक, हेडमास्तर आणि मी. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. शाळेच्या मागं नाल्याकाठी वडाचं मोठं झाड होतं आणि त्यावर वटवाघळांची वस्ती. दिवसभर ती उलटी लटकून कचाकचा भांडायची, उन्हं वाढली की पंखांनी स्वतःला वारा घालायची. पोरं येता-जाता त्यांना दगड मारायची. मीही कधी अडवलं नव्हतं.

एक दिवस परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतली एक पोरगी उठून उभी राहिली. तिचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते आणि ती काकाच्या घरी राहून शाळा करत होती. प्रश्न विचारायची तिला भीती वाटत नसे.

"म्याडम, वडावरले ते रगत पेतात का?"

"नाही गं. फळं खातात."

"मग उलटे काहून लटकतात? झोपीत पडत न्हाईत का?"

मला उत्तर येत नव्हतं. सात वर्षं मी 'वटवाघूळ हा उडणारा सस्तन प्राणी आहे' एवढी एक ओळ पोरांकडून घोकून घेत होते, आणि तो प्राणी वर्गाच्या खिडकीतून दिसत होता. त्या दिवशी मला पहिला राग आला तो माझाच.

रविवारी मी एसटीनं हिंगोलीला गेले. स्टँडजवळच्या गल्लीत एक नेट कॅफे होता, प्लायवूडचे आडोसे घातलेला. मालक काउंटरवरून म्हणाला, "क्या देखना है मॅडम? रिझल्ट?"

"वटवाघूळ."

"चमगादड?" त्यानं दोनदा विचारलं आणि मग हसत हसत मला एक खुर्ची दिली.

परदेशातल्या मुलांसाठी कुणीतरी केलेलं एक पान सापडलं. त्यात वटवाघळांचे आवाज होते, चित्रं होती, खेळ होते. एका खेळात काळ्या पडद्यावर वटवाघूळ उडवायचं आणि नुसत्या आवाजावरून पतंग, म्हणजे उडते किडे, पकडायचे. सगळं इंग्रजीत. मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीन तास वाचत बसले. झोपेत ती पडत का नाहीत, तेही कळलं. शरीराच्या वजनानंच त्यांच्या पायाची नखं आवळली जातात, धरून ठेवायला जोर लावावा लागत नाही. मालकाकडून मी ती सगळी पानं एका सीडीवर घेतली.

सोमवारी सीडी घेऊन मी हेडमास्तरांसमोर उभी राहिले.

"सर, एक तास कॉम्प्युटर लावून द्या. तांड्यावर नेट नाही, पण सीडी चालेल."

त्यांनी सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "मॅडम, बिघडलं तर जबाबदार कोण? आणि कशासाठी? तुमची ही लेकरं आज ना उद्या कोयता घेऊन फडात जाणार. त्यांना काय करायचाय कॉम्प्युटर?"

'तुमची ही लेकरं.' ते स्वतः नाल्यापलीकडच्या गावातले, बऱ्यापैकी शेतीवाडी असलेले. तांड्यावर नोकरी करणं म्हणजे उपकार, असं त्यांच्या बोलण्यात नेहमीच असायचं. मी सीडी परत घेतली. वर्गात आले आणि फळ्यावर वटवाघूळ काढायला लागले. दोनदा खडू मोडला.

मग मी ठरवलं, कॉम्प्युटर पोरांकडे येत नसेल तर पोरं कॉम्प्युटरकडे जातील. चौथीची नऊ पोरं. प्रत्येकाच्या घरी जाऊन मी सह्या-अंगठे घेतले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही डोंगरकड्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून हिंगोलीची एसटी धरली. नऊपैकी सात पोरांनी हिंगोली कधी पाहिलीच नव्हती.

कॅफेवाल्यानं दोन आडोसे काढून जागा केली. नेटची लाईन मंद होती. वटवाघळाचा फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरायला लागला. आधी फांदी, मग नखं, मग पाय, मग पोट. पोरं श्वास धरून पाहत होती. सगळ्यात शेवटी तोंड आलं. मोठे डोळे, कुत्र्याच्या पिल्लासारखं नाक.

"आगं बया," ती पोरगी म्हणाली, "हे तर गरीब हाय!"

मग आवाजाचा खेळ. लहान वटवाघळं ओरडतात, तो आवाज किड्यावर आपटून परत येतो आणि त्यावरून त्यांना कळतं किडा कुठं आहे, हे मी सांगितलं. आपली वडावरची मोठी तसं करत नाहीत, ती डोळ्यांनी आणि वासानं फळं शोधतात, हेही सांगितलं. नऊ जण आळीपाळीनं माऊसला हात लावत होते आणि पतंग पकडला की सगळा कॅफे दणाणत होता. शेजारच्या आडोशातली कॉलेजची पोरं आपलं सोडून आमचा खेळ बघायला आली.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. "म्याडम, तुमी भेता का वटवाघळाला?"

मी तिला खरं सांगितलं. मी हट्टा गावची. नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या घरात एक पाकोळी शिरली, ते छोटं वटवाघूळ. ती माझ्या डोक्यावरून गेली, केसांना लागलीसुद्धा नाही. पण आत्या म्हणाली, वाईट शिवलं. तिनं अंगणात बसवून माझ्या दोन्ही वेण्या कात्रीनं कापल्या. मी सातवीत होते. पाकोळी चुलत्यांनी झाडूनं मारली. शाळा उघडल्यावर दोन महिने मी डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेले.

"आन् तुमाला राग न्हाई आला?"

"तेव्हा नाही. आता येतो."

पुढच्या आठवड्यात आम्ही तो खेळ मैदानात खेळलो. आंधळी कोशिंबीरच, फक्त डोळे बांधलेलं पोरगं वटवाघूळ व्हायचं, ते टाळी वाजवायचं आणि पतंग झालेल्यांनी लगेच उलट टाळी द्यायची. संध्याकाळी वडापासून लांब बसून आम्ही उडणारी वटवाघळं मोजली, पन्नास झाली की पाटीवर एक रेघ. खाली पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही, उष्टं फळ खायचं नाही, हे पोरं आता लहान भावंडांना दरडावून सांगायला लागली. दगड मारणं थांबलं.

आणि मला मेमो आला. विनापरवानगी विद्यार्थी बाहेरगावी नेले, खुलासा सादर करा. तक्रार कुणी केली हे विचारायची गरज नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, दोन ओळी माफीच्या लिहून द्या, विषय मिटवू."

मी लिहून दिल्या. 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही.' माझी काही चूक नव्हती. घरी दोन लहान मुलं, नवऱ्याची नोकरी कायम नाही, बदलीची टांगती तलवार. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी त्या दोन ओळींचा राग मी अजून कुणावर काढू शकलेली नाही, कारण हात माझाच होता.

मार्च लागला. नाल्यापलीकडच्या गावात एका लेकराला ताप आला, आठवडाभर उतरेना. दवाखान्यात नेलं होतं त्याला, तिथं टायफॉईड सांगितला होता. पण गावात बोलणं झालं की हे वडावरच्या घाणीचं काम. एका सकाळी शाळा भरलेली असताना पाच-सहा माणसं आली. वडाखाली त्यांनी ओला कडबा टाकला, जुने टायर टाकले आणि पेटवून दिलं. वर फटाक्यांच्या माळा.

वटवाघळांच्या पिल्लांचे ते दिवस. भर उन्हात झाड सोडून ती वेडीवाकडी उडत होती, पिल्लं आयांच्या पोटाला चिकटलेली. काही पिल्लं सुटून खाली पडत होती. वर्गातली पोरं खिडकीला लटकून रडत होती. मी धावत बाहेर गेले.

"थांबवा हे! त्या लेकराला टायफॉईड आहे, डॉक्टरांनी सांगितलंय!"

"बाई, तुमी शाळा शिकवा," एक जण म्हणाला. "गावच्या भानगडीत पडू नका."

तेवढ्यात ती पोरगी माझ्या बाजूनं पुढं गेली आणि त्या माणसासमोर उभी राहिली. "ते रगत पेत न्हाईत काका. फळं खातात. त्यांनी टाकल्या बियांची झाडं येतात. लहाने हायत ते, मरून राहिले!"

माणसानं हातातली फटाक्यांची माळ खाली केली. खरंच केली, मी पाहिलं. पण मागून हेडमास्तर आले आणि त्यांनी तिच्या कानफटात मारली. "मोठ्यांना शिकवते का?" म्हणाले, आणि त्या माणसांकडे वळून, "माफ करा पाटील, तांड्याची लेकरं आहेत, वळण नाही."

ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मला पुढचं नीट आठवतं. मी तिचा हात धरला आणि हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. खोली उघडी होती. टेबलावरचा कटर घेतला आणि सुतळी कापली. कव्हर ओढून बाहेर व्हरांड्यात फेकलं. ते दारात आले तेव्हा मी वायरी जोडत होते.

"मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?"

"शिकवतेय."

"मी वर कळवीन."

"कळवा. आजच कळवा. आणि मी पण लिहून देणार आहे, तुम्ही वर्गाबाहेर लेकराला मारलं म्हणून. नऊ साक्षीदार आहेत माझ्याकडे." माझा आवाज इतका चढला होता की बाहेरची माणसं आगीपाशी उभी राहून ऐकत होती. "दुसरी माफी मी लिहिणार नाही. तुम्ही लिहाल."

वीज होती, हे नशीब. कॉम्प्युटर सुरू झाला. मी पोरीला खुर्चीवर बसवलं, वर्गातून सीडी मागवून घातली. तिचा गाल लाल होता. तिनं माऊस हातात घेतला. मागं उरलेली आठ पोरं येऊन उभी राहिली. हेडमास्तर दारातून निघून गेले.

मी तक्रार दिली. चौकशीला एक साहेब आले, चहा पिऊन गेले, 'सामोपचारानं घ्या' म्हणाले. कॉम्प्युटर मात्र त्यानंतर रोज लागला, लोडशेडिंग सोडून. अर्धी वटवाघळं परत आली नाहीत. मे महिन्यात माझी बदली झाली, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला.

निरोप समारंभात हेडमास्तरांनी भाषण केलं. मॅडम उपक्रमशील, मॅडमनी मुलांमध्ये विज्ञानाची गोडी लावली, या शाळेनं नेहमीच अशा उपक्रमांना प्रोत्साहन दिलं. शाल पुढं केली. ती मी घेतली नाही. उठले, पोरांच्या रांगेतून चालत फाटकाबाहेर आले. मागं टाळ्या मधेच थांबल्या.

पोरीचा काका माझी पिशवी घेऊन डोंगरकड्यापर्यंत सोबत आला. अर्ध्या रस्त्यात म्हणाला, "म्याडम, तिला पाचवीला डोंगरकड्याला टाकून राहिलो. भावाला बोललो, पोरगी फडावर न्यायची न्हाई."

मी थांबून त्याच्याकडे पाहिलं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं. पण एका लेकराच्या शाळेसाठी एवढं सगळं व्हावं लागतं, हे मनातून जाईना. एसटी आली तेव्हा माझ्या मुठी आवळलेल्याच होत्या. पिशवी घ्यायला हात पुढं करायचा म्हणून त्या उघडल्या.