वानरांच्या राज्यातील तलाठी

काल तहसील कचेरीबाहेर, ज्यावर मी लोकांचे अर्ज लिहून देतो त्या माझ्या जुन्या टंकयंत्राला तेल घातले आणि त्या वासासरशी नाना आठवले.

नाना चाळीसगावजवळच्या खेड्यातील शेतकरी. त्यांनी एक विज्ञान कादंबरी लिहिली होती. तीत माणूसजात संपलेली असून शहाणी झालेली वानरे कपाशी पिकवतात, शाळा चालवतात. चार पावसाळे खपून लिहिलेल्या त्या वह्या प्रकाशकाकडे पाठवण्याजोग्या टंकलिखित करण्यासाठी त्यांनी माझ्याकडे सोपवल्या. या तालुक्यात माझ्याइतका निर्दोष मसुदा दुसरा कोणी करीत नाही.

शेवटच्या प्रकरणात वानरे जमिनीची वाटणी करतात. तेथे ना पंचनामा होता, ना साक्षीदार. ही त्रुटी दूर करण्यासाठी मी स्वतःच्या अधिकारात एक तलाठी जिवंत ठेवला आणि वाटणीवर त्याची सही घेतली.

नानांनी ते पान उभ्यानेच वाचले.

"भाऊ, माणसं बठ्ठा सरी गयात ना? मंग हाऊ तलाठी कोठून उना?"

"त्याच्याशिवाय वाटणी ग्राह्य कोण धरणार, नाना?"

"त्यासमा भांडणच नही, भाऊ. म्हनीसन तर ते टिकी गयात. तू एक माणूस घाली दिना आनि मनी बठ्ठी कादंबरी बुडाई दिनी."

मला तो माझ्या व्यवसायाचा अपमान वाटला. मी रागातच ते पान तलाठ्याविना पुन्हा टंकलिखित करून दिले.

आज वाटते, त्रुटी मसुद्यात नव्हतीच. त्या जगात अर्ज लिहिणाऱ्याला काही काम उरले नव्हते, आणि तेवढे मला सोसले नाही.